वस्तऱ्याचा कापडी पट्टा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, मराठ्यांच्या अमदानीतील जबलपूर हाही विषय झाला. अशा भारदस्त पंक्तीत वस्तऱ्याच्या पट्ट्यानेही आपले पान मांडून बसावे, हे काही जणांना विनोदी वाटले असल्यास नवल नाही. मी विषय कळविला तेव्हा आपल्या कार्यवाहांनी मोठ्या आशेने विचारले, "पट्टा म्हणजे दांडपट्टा ना?" त्यांची निराशा करणे मला भाग पडले. मी बोलणार आहे तो पट्टा हातभर लांबीचा, कापडाचा, श्मश्रूचा वस्तरा ज्यावर फिरवितात तो. तो घरी कसा करावा, हे मी सांगणार आहे. आणि तसे करता करता ही विद्या आजवर कोणी सांभाळली याचाही थोडा हिशेब मांडणार आहे.

विषय सुचला त्याचे कारण असे. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपूर्वी नागपूर, वऱ्हाड, पुणे, कोकण येथून नोकरीनिमित्त इकडे आली. 1870 साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपुरात जोडला गेला, 1904 साली गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली, 1942 साली खमरियाचा कारखाना निघाला. रेल्वे, तारखाते, कचेऱ्या यांनी मराठी माणसे येथे आणली. त्यांच्या ट्रंकांत पोथ्या, पितळी समया, देव्हारे होते, तसाच एखादा शेफील्डचा किंवा सॉलिंगेनचा वस्तराही असे. मी सहज विचारपूस केली तेव्हा आपल्या मंडळाच्या परिवारातच असे बरेच वस्तरे निघाले. कोणी तो देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवला आहे, कोणी बटनांच्या डब्यात. सगळे बोथट. आणि बहुतेकांचे म्हणणे एकच: "त्याचे पोलाद आता गेले."

मी सारे आयुष्य टूलरूममध्ये हत्यारांना धार लावण्यात घालविले आहे, म्हणून अधिकाराने सांगतो की पोलाद कोठेही जात नाही. गंजाने खाल्ले नसेल तर आजोबांच्या वेळी ते जसे होते तसेच आहे. गेला आहे तो पट्टा. चामडे वाळून फुटले, कापड कसरीने खाल्ले, कोणीतरी दिवाळीच्या आवराआवरीत दोन्ही टाकून दिले आणि वस्तरा तेवढा 'वडिलांची वस्तू' म्हणून राहिला. पट्ट्यावाचून वस्तरा म्हणजे खुंट्यावाचून जाते.

असे का, हे समजण्यासाठी धार म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. चांगल्या लावलेल्या वस्तऱ्याची कड एका मायक्रॉनहूनही पातळ असते; मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातील एकाहून कमी. दाढीचा केस त्याच्या शंभरपट जाड. एवढी पातळ कड केसावर चालली की ठिकठिकाणी किंचित वळते आणि हवेतील ओलाव्याने तिच्यावर गंजाचा अदृश्य थर चढतो. 2020 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी दाढीच्या पात्यांचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की केस पोलादाहून सुमारे पन्नासपट मऊ असूनही पात्याच्या कडेचे बारीक टवके पाडतो. केस वाकला आणि पोलादाच्या घडणीत त्या जागी थोडी असमानता असली की टवका गेलाच. तेव्हा 'केसाने पोलाद कसे झिजणार' हा आपला प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता, एवढे समाधान आपण मानून घ्यावे.

टवके वाढले म्हणजे वस्तरा दगडावर घ्यावा लागतो. पण ते काम दोन-चार महिन्यांनी एकदा. रोजचे काम निराळे आहे. वळलेली कड सरळ करणे, तिच्यावरचा ओलावा आणि मळ पुसून काढणे, हे पट्ट्याचे काम. दगड धार लावतो, पट्टा धार राखतो. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे लोक चांगला वस्तरा दर आठवड्याला दगडावर घासून त्याचा जीव घेतात.

आता पट्टा म्हटला की डोळ्यांसमोर चामडे येते. इकडे हिंदीत त्याला चमोटा म्हणतात. नावातच चाम आहे. परंतु जुन्या उत्तम पट्ट्याला दोन अंगे असत: एक चामड्याचे, दुसरे जाड कापडाचे. आधी कापडावर, मग चामड्यावर, असा क्रम. नावाने चामड्याची आठवण ठेवली आणि कापडाला विसरली. मला विचाराल तर निम्मे काम कापडाचेच आहे. ते नेमके काय करते याविषयी जाणकारांत मतभेद आहेत. कोणी म्हणतात, ते केवळ पुसते. कोणी म्हणतात, ते अतिसूक्ष्म घासतेही. माझ्या मते साध्या कापडात पुसण्याचा आणि कड सरळ आणण्याचा भाग मोठा, घासण्याचा अगदी थोडा. काही असो, कापडावर न घेता थेट चामड्यावर घेतलेला वस्तरा आणि आधी कापडावर घेतलेला वस्तरा यांतील फरक गालाला पहिल्याच हाताला कळतो.

हे कापड कोणते? तर लिननचे, म्हणजे जवसाच्या तंतूचे. हे ऐकून मातृवर्गाला चटणी आठवली असेल, आणि ती आठवण अगदी बरोबर आहे. ज्या झाडाच्या बियांची आपण वऱ्हाडी पद्धतीची चटणी कुटतो, ज्याला इकडे अलसी म्हणतात, त्याच झाडाच्या देठाच्या सालीतून लिननचा तंतू निघतो. संस्कृतात अतसी, उमा आणि क्षुमा ही या झाडाची नावे. अमरकोशात तिन्ही एकत्र दिली आहेत. क्षुमेपासून झालेले वस्त्र ते क्षौम. आणि क्षुर म्हणजे वस्तरा, त्यावरून क्षौर. क्षौर आणि क्षौम या शब्दांचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही, परंतु व्यवहाराने त्यांची गाठ पडावी हा योग मला मोठा गमतीचा वाटतो.

कापूस चालणार नाही का, असे कोणी विचारील. जाड कापसाचा कॅनव्हास काहीच नसण्यापेक्षा बरा. परंतु जवसाच्या तंतूचे दोन गुण कापसात नाहीत. एक, तो ताणला तरी फारसा लांबत नाही. तुटण्यापूर्वी दोन-तीन टक्के लांबेल, कापूस सहा-सात टक्के लांबतो. पट्टा ओढून धरल्यावर मध्ये झोळ पडू नये, ही पहिली गरज असल्यामुळे हा गुण मोलाचा. दुसरा, त्याचा तंतू लांब, गुळगुळीत आणि कडक असतो. त्याला लव कमी सुटते. जुन्या काळी आगीच्या बंबाचे बिनअस्तराचे नळ याच तंतूचे विणत. तो भिजला की फुगतो, विणीची छिद्रे आपोआप मिटतात आणि पाणी बाहेर पडत नाही. पाश्चात्य देशांत अशा जुन्या नळाचा तुकडा म्हणजे पट्ट्यासाठी पर्वणी मानतात. हे वाचून मीही गुरंदीच्या बाजारात जुन्या नळांचा शोध घेतला. नळ पुष्कळ मिळाले, पण सगळे कृत्रिम धाग्याचे आणि आतून रबर लावलेले. ते या कामाचे नाहीत, कोणी त्या वाटेला जाऊ नये.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. माघाच्या सुमारास शहराबाहेर गेलात तर अलसीची निळी फुले आपल्याला शेतोशेती दिसतील. अधारतालच्या कृषी विद्यापीठात, जे 1964 साली स्थापन झाले, या पिकावर संशोधन होत आले आहे. म्हणजे झाड आपल्या दाराशी आहे. पण ते तेलबियांचे वाण: बुटके, फांद्यांचे, बोंडांनी भरलेले. तंतूसाठी पेरतात तो वाण उंच आणि बहुधा बिनफांदीचा असतो. तो दाट पेरतात, बी पुरते पिकण्याआधी मुळासकट उपटतात, पाण्यात किंवा दवात कुजवितात आणि मग झोडपून, विंचरून तंतू काढतात. ज्यांनी विदर्भात अंबाडी पाण्यात कुजत घातलेली पाहिली आहे, त्यांना निराळे सांगावयास नको. त्या वासाचे विस्मरण होत नाही. तर भारतात लिनन विणले जाते, पश्चिम बंगालमध्ये रिश्रा येथे त्याची मोठी गिरणी आहे, पण तंतू बहुतांशी फ्रान्स आणि बेल्जमकडून येतो. आपण बी खातो, देठ टाकतो आणि कापड परदेशी तंतूचे घेतो.

असो. कापड निवडण्याकडे वळू. बाजारात आज 'लिनन' या नावाखाली काय वाटेल ते विकतात. शर्टाचे लिनन फार पातळ. घडी चौपदरी केली तर चालते. चित्रकारांच्या सामानाच्या दुकानात लिननचा कॅनव्हास मिळतो तो सर्वोत्तम, मात्र कोरा, पांढरा रंग न चढविलेला मागून घ्यावा. घरी जुना लिननचा टेबलक्लॉथ असेल तर त्याहून उत्तम, कारण तो शेकडो वेळा धुतलेला असतो. पारख सोपी आहे. कडेचे चार धागे काढून जाळून पाहावे. कागदासारखे जळून करडी, भुरभुरीत राख पडली तर तंतू वनस्पतीचा. वितळून टोकाला कडक मणी झाला तर कृत्रिम. लिनन आणि कापूस यांतील भेद जाळून कळत नाही. त्यासाठी धागा उलगडून दोन्ही हातांनी हळूहळू तोडावा. कापसाचा धागा आखूड, मऊ पुंजक्यांत सुटतो. जवसाचा चिवटपणे धरून ठेवतो आणि तुटल्यावर लांब, ताठ, चकचकीत तंतू बाहेर डोकावतात. धाग्यात मधूनमधून जाडसर गाठीसारखे भाग दिसतात, तीही एक खूण. मात्र गाठी फार असलेले कापड घेऊ नये. वस्तरा त्यांवरून उसळतो.

मापे अशी. पट्ट्याची रुंदी साडेसात सेंटिमीटर, म्हणजे तीन इंच. वस्तऱ्याचे पाते साधारण तेवढेच लांब असते, त्यामुळे सारी धार एकाच वेळी कापडावर राहते. वापरावयाची लांबी पन्नास सेंटिमीटर, शिवाय दोन्ही टोकांना दुमडण्यासाठी दहा-दहा सेंटिमीटर. जाड कॅनव्हास दुपदरी करावा, म्हणजे कापलेला तुकडा सत्तर सेंटिमीटर लांब आणि कडा आत घेण्यासाठी दोन सेंटिमीटर जास्त धरून सतरा सेंटिमीटर रुंद. कापताना लांबी ताण्याच्या दिशेने, म्हणजे कापडाच्या किनारीला समांतर ठेवावी. आडवे कापले तर पट्टा ओढला की नागमोडी होतो.

कापण्याआधी कापड धुणे आवश्यक आहे. नव्या कापडात खळ असते. ती धारेला चिकटते. धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्यात ते अर्धा तास ठेवावे, मग दोन-तीन पाण्यांत खळबळून काढावे. कापड आटायचे तेवढे याच वेळी आटते. पिळू नये, पडलेली सुरकुती पुढे महिनोन्‌महिने छळते. ओलसर असतानाच सारखे ताणून गरम इस्त्री फिरवावी.

मग कडा आत दुमडून शिवण घालावी. येथे एक पथ्य. शिवण फक्त दोन्ही काठांना, अगदी कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरवर असावी. मधल्या भागात एकही टाका नको. पदर एकमेकांवर सरकू नयेत म्हणून उभ्या-आडव्या शिवणी मारण्याचा मोह शिवणकामात निष्णात असलेल्या भगिनींना होतो, आमच्या घरी तो झाला होता. पट्टा फार सुरेख दिसला, गोधडीसारखा. पण वस्तरा त्यावर टाक्याटाक्याला अडखळे. ती शिवण उसवताना मला जे ऐकून घ्यावे लागले त्याची नोंद स्मरणिकेत नको.

एका टोकाला लोखंडी किंवा पितळी कडी अडकवून कापड दुमडावे आणि मेणलेल्या दोऱ्याने पक्के शिवावे. घरच्या सुईला हे झेपत नाही. कोपऱ्यावरचा मोची पाच मिनिटांत करून देतो. दुसऱ्या टोकाला धरण्यासाठी सागाच्या दोन पातळ पट्ट्यांत कापड धरून स्क्रूने आवळावे. स्क्रूची डोकी लाकडात बुडालेली असावीत. वस्तरा चुकून त्यांवर गेला तर सगळा खटाटोप एका क्षणात वाया जातो.

आता राहिले घोटणे, आणि माझ्या मते खरी कारागिरी यातच आहे. पूर्वी पोथ्यांचा हातकागद गुळगुळीत दगडाने घोटून घेत, तेव्हा त्यावर बोरू सुरळीत चाले. तसेच हे. कापड पाटावर सपाट पसरावे. साध्या, कडक, कोरड्या साबणाची वडी त्यावर लांबीच्या दिशेने घासावी, विणीतील छिद्रे भरतील इतकी. मग हाताचे दोन थेंब पाणी शिंपडून तळहाताने चोळावे आणि जाड काचेची गोल बाटली आडवी धरून जोराने वर-खाली फिरवावी. पूर्ण वाळू द्यावे. दुसऱ्या दिवशी पुन्हा साबण, पुन्हा बाटली. तिसऱ्या दिवशीही तेच. तीन दिवसांत खरखरीत कॅनव्हासवर हस्तिदंतासारखी मंद झळाळी येते आणि बोट फिरविले तर विणीचे दाणे कळतात पण टोचत नाहीत. यापुढे पट्टा वापरानेच सुधारत जातो.

तेल मात्र लावू नये, आणि अलसीचे तर मुळीच नाही. 'झाड तेच, मग तेल लावले तर कापड मऊ राहील' असा तर्क कोणीही करील. पण अलसीचे तेल हवेतील प्राणवायू शोषून कडक होते. म्हणून तर ते रंगात आणि वॉर्निशात घालतात. कापडाचे मेणकापड होईल. शिवाय या तेलाने भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर आतल्या आत तापून आपोआप पेट घेऊ शकते. हा धोका काल्पनिक नाही, तो प्रत्येक रंगकाम करणाऱ्याला ठाऊक असावा.

काही लोक कापडावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी वडी किंवा सोनारी कामातील लाल पॉलिश लावतात. त्याने धार खरोखर लागते, कारण ती भुकटी पोलाद झिजविते. पण मग तो पट्टा रोजचा राहत नाही. ज्याला हवे त्याने त्यासाठी निराळा तुकडा करावा. एकदा भुकटी लागलेले कापड पुन्हा साधे होत नाही.

ज्यांना लोंबता पट्टा नको असेल त्यांनी तीस सेंटिमीटर लांबीची सागाची सपाट फळी घेऊन तिच्यावर हेच कापड ओलसर असताना ताणावे आणि मागच्या बाजूला बारीक खिळे मारावेत. दिसायला गबाळे, परंतु नवशिक्यासाठी मी हाच प्रकार सुचवितो, कारण यात झोळ पडण्याचा प्रश्नच येत नाही. चामड्यासाठी अशीच दुसरी फळी करावी. चामडे झाडाच्या सालीने कमावलेले, गुळगुळीत, किमान दोन मिलिमीटर जाड असावे.

वापरण्याची रीत शब्दांत सांगणे कठीण, तरी सांगतो. पट्टा खुंटीला अडकवून ताठ ओढावा. वस्तरा त्यावर आडवा, असा ठेवावा की त्याची पाठ आणि धार दोन्ही कापडाला टेकतील. वस्तऱ्याची जाड पाठ हेच त्याचे माप आहे. ती टेकलेली असली की कोन आपोआप बरोबर राहतो, तुम्हाला कोन मोजावा लागत नाही. आता पाठ पुढे आणि धार मागे, अशा रीतीने टोकापर्यंत न्यावा. तेथे वस्तरा पाठीवरच उलटावा, धारेवर कधीच नाही, आणि परत आणावा. हा एक फेरा. धार पुढे केली तर पट्टा कापला जाईल, वेळ आली तर बोटही. दाब फक्त वस्तऱ्याच्या वजनाचा. अधिक दाबला की कापड धारेमागे फुगून वर येते आणि कड गोल होते. पट्टा सैल धरल्यानेही तेच घडते. कापडावर पंधरा-वीस फेरे, मग चामड्यावर चाळीस. घाई नको. सलूनमध्ये ऐकलेला तो सपासप आवाज वर्षांच्या सरावाचा आहे. आपला पहिल्या महिन्यातला आवाज झाडू मारल्यासारखा येईल, येऊ द्यावा. पहिले आठ दिवस लोण्याच्या सुरीवर हात बसवावा, हे माझे निक्षून सांगणे आहे.

तो सपासप आवाज ज्यांचा, त्यांच्याविषयी आता बोलतो. मघाशी मी जे क्रमाने सांगितले, ते सारे कोणत्याही मराठी पुस्तकात मला एकत्र सापडले नाही. काही इंग्रजीतून कळले. पण दाब किती, कापडाचा पोत कसा, साबण कोरडा की ओला, हे मी येथल्या एका वृद्ध कारागिराच्या शेजारी बसून शिकलो. बारा बलुत्यांत ज्याचा घास होता तो नाभिक आपण गावी सोडून आलो. या शहरात त्याच्या जागी जो भेटला तो स्वतःला 'सेन' म्हणवितो. हे आडनाव आपण रोज पाट्यांवर वाचतो; ते कोठून आले याचा विचार आपल्यापैकी कितीजणांनी केला असेल?

ते आले सेना महाराजांकडून. आपल्या वारकरी परंपरेत ज्यांचे अभंग गातात, ज्यांची पुण्यतिथी श्रावण वद्य द्वादशीला पाळतात, त्या संत सेना न्हावी यांचे गाव परंपरेने बांधवगड सांगतात. म्हणजे कटनीवरून उमरियाकडे गेले की येणारे तेच, आज वाघांसाठी लोक जातात ते. शिखांच्या गुरुग्रंथसाहेबातही त्यांचे एक पद आहे. भजनात रमलेल्या सेनाला राजाकडे जाण्यास उशीर झाला आणि प्रत्यक्ष देव त्याचे रूप घेऊन, धोकटी काखेला मारून राजाची सेवा करून आला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. कथेतला राजा कोणता याविषयी एकमत नाही. सेना महाराजांनी अभंगात आपल्या धंद्यातील आरसा, चिमटा यांची आध्यात्मिक रूपके केली. आपण पंढरपूरची नाळ तुटू नये म्हणून इतकी धडपड करतो, आणि ज्या भूमीत येऊन राहिलो तिनेच पंढरपूरला एक संत दिल्याचे सांगतात, हे आपल्या बोलण्यात क्वचितच येते.

आणि आमच्या घरांतून त्या धंद्याला मान कसा दिला गेला? ओसरीपलीकडे पाऊल नाही, आणि श्मश्रू झाल्यावर अंघोळ केल्याखेरीज घरात कोणाला स्पर्श नाही. कीर्तनात धोकटी देवाच्या खांद्यावर असते तेव्हा आपण डोळे पुसतो. इतिहासाकडे पाहिले तरी प्रतापगडावर सय्यद बंडाचा वार अडविणारे जिवा महाले आणि पन्हाळ्याहून महाराजांच्या पालखीत बसून मृत्यूला सामोरे गेलेले शिवा काशीद हे दोघे याच समाजाचे. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही असा निर्धार तेथे झाला. ज्या घरांनी मुलींवर ही सक्ती लादली ती घरे शिकलेली होती. आणि वस्तरा खाली ठेवणारे हात, ज्यांना आपण अडाणी म्हणत होतो, त्यांचे. आपल्या मंडळाने थोर पुरुषांच्या तसबिरी लावल्या आहेत, त्यांत यांपैकी एकही नाही. सुवर्णमहोत्सवात ही उणीव भरून निघावी, अशी सूचना मी येथे जाहीरपणे करतो. कार्यकारिणीने ती टिपून घ्यावी.

विद्या कशी खंडित झाली तेही थोडक्यात सांगतो. जिलेट यांच्या पात्याला 1904 साली अमेरिकेत पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धानंतर ते जगभर पसरले आणि घरातील वस्तरा ट्रंकेत गेला. सलूनमध्ये मात्र तो टिकून होता. मग काविळीची आणि एड्सची भीती आली आणि अर्धे पाते बसविण्याचा वस्तरा सर्वत्र रूढ झाला. गिऱ्हाईक उठले की पाते फेकून द्यावयाचे. हे योग्यच झाले. रक्तातून पसरणारे रोग पट्ट्यावर पुसले जात नाहीत, उलट पट्टाच त्यांना एकाकडून दुसऱ्याकडे नेऊ शकतो. म्हणून माझीही विनंती आहे की वस्तरा आणि पट्टा एकाच माणसाने वापरावा. बाप-लेकांतही सामाईक ठेवू नये. परंतु फेकावयाच्या पात्याला पट्टा लागत नाही. त्यामुळे ज्यांच्या हातात ही कला होती त्यांनी मुलांना ती शिकविण्याचे कारण उरले नाही. ज्या वृद्ध कारागिराचा मी उल्लेख केला, त्याच्या दुकानात खुंटी अजून आहे; तिला आता टॉवेल टांगतात.

शेवटी देखभालीचे दोन शब्द. वस्तरा वापरल्यावर कोरडा पुसून कापडावर चार-पाच फेरे द्यावेत, म्हणजे उरलेला ओलावा निघून जातो. येथील पावसाळ्यात पाते उघडे ठेवले तर आठवड्यात डाग पडतात. शिवणयंत्राच्या तेलाचे बोट फिरवून ठेवावे, आणि पुढच्या वेळी ते पुसल्याखेरीज वस्तरा पट्ट्यावर आणू नये. खोबरेल वापरण्याची आपली सवय येथे उपयोगी नाही. जबलपूरच्या थंडीत ते थिजते, हे आपल्या प्रत्येक न्हाणीघराला माहीत आहे. पट्टा गुंडाळून नव्हे, टांगूनच ठेवावा. कापड मळले की कोमट पाण्याने धुऊन पुन्हा घोटावे. आणि भेडाघाटच्या संगमरवरावर वस्तऱ्याला धार लावता येईल का, असे मला दोघांनी विचारले, त्यांना उत्तर: येणार नाही, तो दगड पोलादापुढे फार मऊ आहे, त्याचे सौंदर्य नावेतूनच पाहावे.

समोरच्या टेबलावर मी तीन पट्टे ठेवले आहेत: एक नुकताच शिवलेला कोरा, एक तीन दिवस घोटलेला, आणि एक वर्षभर वापरलेला. तिन्हींवर बोट फिरवून पाहावे, म्हणजे मी तासभर बोललो ते अर्ध्या मिनिटात कळेल. सोबत लोण्याची सुरी आहे, मुलांनी तीच हातात घ्यावी. कोऱ्या कॅनव्हासचे काही तुकडे मापाने कापून आणले आहेत. ज्यांच्या घरी वस्तरा असेल त्यांनी एकेक न्यावा आणि पुढच्या महिन्याच्या सभेला वस्तरा घेऊन यावे. ज्यांना दगडाची गरज असेल त्यांचे काम मी करून देईन.